खांड म्हणजे साखर

पोयनाडच्या नाक्यावर, चहाच्या टपरीच्या वर, जनीचा फोटो लागला होता. टपरीच्या पत्र्यापेक्षा मोठा. अंगावर नवी कोरी साडी, हातात मोबाइल, मागे कुठल्यातरी भलत्याच जिल्ह्यातलं शेत आणि खाली लिहिलेलं : 'माझा बांध, माझ्या बोटावर!' जनी आमच्या बोडणखारची. तिच्या बोटांना भेगा आहेत, त्या फोटोत बुजवल्या होत्या. तिचा पुढचा एक दात पडलेला आहे, तो फोटोत होता. योजनेतून आमच्या गावाला प्रत्यक्ष मिळालेली वस्तू ती एवढीच. जनीचा दात.

बाकी कथा सांगायची तर आधी बांध सांगावा लागेल.

बोडणखार हे गाव पाण्याच्या खाली आहे. धरमतरची खाडी भरतीला फुगली की तिचं पाणी आमच्या भाताच्या डोक्याच्या वर असतं, आणि मध्ये असतो फक्त मातीचा बांध. बांध आहे म्हणून शेत आहे, शेत आहे म्हणून गाव आहे. चिंबोरी, म्हणजे खेकडी, त्या बांधात बीळ करते, बिळातून पाणी झिरपतं, माती सुटते आणि एखाद्या उधाणाला बांधाला भगदाड पडतं. त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. 'खांड गेली' हे दोन शब्द ऐकले की पूर्वी माणूस भरल्या ताटावरून उठायचा, मग ताटात काहीही असो. कारण खारं पाणी एकदा शेतात बसलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे भाताची काडी उभी राहत नाही.

म्हणून गावात जोळ होती. अमावास्या-पुनवेचं उधाण आलं की घरटी एका माणसाने पाळीने बांधावर फिरायचं, बिळं बुजवायची, खांड गेली तर सगळ्या गावाने टोपल्या घेऊन धावायचं. पाळी पुकारायचं काम बुधाजीकडे. पाण्याच्या टाकीखाली उभा राहून तो घरधन्याची नावं घ्यायचा. त्याचा गळा असा की म्हशी दूध चोरायच्या. पण या जोळीचं एक होतं. ती बाईमाणसाला मोजत नसे. जनीचा नवरा हिराजी कावीळ होऊन कधीच वारला, तरी बुधाजी दर उधाणाला "हिराजीचं घऽऽर!" म्हणूनच पुकारायचा आणि मेलेला हिराजी काही बांधावर जायचा नाही. मग जनीने गावात फिरून एखाद्या बाप्याच्या विनवण्या करायच्या, त्याला कोंबडी कापून घालायची, त्याचे वाकडेतिकडे विनोद ऐकायचे. आणि तो बाप्या बांधावर जाऊन घोरायचा. जनीचं शेत तर बांधाच्या वळणालाच लागून. खाडी जिथे थेट येऊन धडकते तिथे.

अशा गावात बळीबोट आलं.

बळीबोट म्हणजे शेतकऱ्याचं बोट धरून चालवणारं अ‍ॅप, असं पुण्याहून आलेल्या कंपनीने सांगितलं. तुम्ही मोबाइलशी बोला, मोबाइल तुमच्याशी बोलेल. बांधाला सेन्सर बसवणार. बांध भिजला, हलला, खचला की अख्ख्या गावाच्या मोबाइलवर लाल दिवा. तोवर हिरवा. जनीच्या पुतण्याला, निकेतला, कंपनीने समन्वयक म्हणून घेतलं आणि निळा टी-शर्ट दिला. टी-शर्टावर भाताचं रोप होतं आणि रोपाला पानांच्या जागी वायफायच्या रेघा.

सेन्सरचा खांब रोवायचा वळणावर, हे गावात सगळ्यांना कळत होतं. पण उद्घाटनाला पाहुणे येणार होते आणि त्यांची गाडी वळणापर्यंत जाईना. मग खांब रोवला डांबरी रस्ता बांधाला टेकतो तिथे, दगड रचून पक्क्या केलेल्या भागापाशी. तिथला बांध माझ्या जन्मापासून हललेला नाही. कोणी एक शब्द बोललं नाही, कारण पाहुण्यांबरोबर गावालाही जेवण होतं. तेव्हा उगाच यंत्राला शिव्या घालू नका. यंत्र खोटं बोलत नव्हतं. जिथे उभं केलं तिथलं खरं ते इमानदारीने सांगत होतं.

ग्रामसभेत जोळ बंद करायचा विषय आला. बुधाजी उठला.

"बांद मोबाइलान बगनार? मंग आता बाईल पन मोबाइलान नांदवा!"

सभा हसली. जनी हसली नाही. ती उभी राहिली.

"बुधाजीभावोजी, तुमच्या जोलीनं माजं काय भलं केलं ते सांगा. मेलेल्या मानसाचं नाव पुकारताव नि जित्या बाईला दारोदार फिरवताव. ह्या यंत्राला निदान बाई का बाप्या त्याच्याशी मतलब न्हाय."

हात वर झाले, जोळ बंद झाली. कंपनीच्या मृणाली मॅडमनी तिथेच जनीचा फोटो काढला. बुधाजीला शाल दिली आणि 'जोळ परंपरेचे शेवटचे मानकरी' असं लिहिलेली पाटी दिली. शेवटचे! माणूस समोर उभा आहे, जिवंत आहे, आणि याचं श्राद्ध उरकून मोकळे. बुधाजीने ती शाल कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली.

भाद्रपदाची अमावास्या. भात निसवलं होतं, दाणा दुधात होता. रात्रीच्या भरतीला काय झालं कोणी पाहिलं नाही, कारण पाहायचं काम आता कोणाचंच नव्हतं. सकाळी जनी शेतावर गेली तर पाय पाण्यात पडला. चाखून बघितलं तर खारं. वर पाहिलं तर वळणावर बांधाला खांड. दोन माणसं आडवी झोपतील एवढी. ओहोटी लागलेली असल्यामुळे शेतातलं पाणी खांडीतून खळखळ परत खाडीत चाललं होतं आणि जाताना बांधाची माती घेऊन चाललं होतं. दुपारची भरती यायच्या आत खांड बुजली तर रात्री शिरलेलं पाणी पावसाने धुऊन जाईल, भात वाचेल. नाही बुजली तर जनीचं शेत जाईल आणि त्याच्या मागोमाग पार गावाच्या विहिरीपर्यंत सगळं जाईल.

जनीने कमरेचा मोबाइल काढला. ज्या कामासाठी तिचा फोटो लावला होता ते काम आज आलं होतं.

"बलीबोट! खांड गेली!"

मोबाइलमधली बाई साजूक आवाजात म्हणाली, "नमस्कार, जनीताई! खांड, म्हणजेच साखर. आपल्याला साखरेविषयी कोणती माहिती हवी आहे?"

"साखर न्हाय गो बाय! खांड! वलनावर खांड गेली!"

"समजलं. आपली खांड, म्हणजेच साखर, गेली आहे. चोरीची तक्रार करायची असल्यास 'होय' म्हणा."

"तुज्या तोंडान माती पडो!"

"माती परीक्षणासाठी आपल्या जवळच्या केंद्राचा पत्ता पाठवत आहे."

जनीने डोळे मिटले. मग शाळेतल्या बाईंसारखी एकेक शब्द धुऊन-पुसून बोलली, "बांध. फुटला. आहे."

"काळजी नसावी! आपला बांध सुरक्षित आहे. जमिनीतील ओलावा उत्तम. आज पिकाला पाणी देण्याची आवश्यकता नाही."

जनी तेव्हा गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी होती. ओलावा उत्तमच होता.

बळीबोटाला शिकवणाऱ्यांनी ऊस शिकवला होता, कापूस, द्राक्ष, डाळिंब शिकवलं होतं. खांड शिकवली नव्हती. शिकवायला बसलेल्यांच्या घरात कधी भरती शिरली नव्हती, मग त्यांच्या डोक्यात कशी शिरेल? वर म्हणायचे, याला अस्सल मराठी येतं. येत असेल. त्या मराठीला महाराष्ट्राला समुद्र आहे एवढं मात्र ठाऊक नव्हतं.

जनीने निकेतला फोन लावला. निकेत काशीदला होता. तिथे समुद्राकाठच्या एका रिसॉर्टात 'खारभूमी ते स्मार्टभूमी' या नावाची परिषद चालू होती. खारभूमीबद्दल बोलायला खारभूमीपासून जितकं लांब जाता येईल तितकं ही माणसं गेली होती.

"काकी, मी डॅशबोर्डसमोरच बसलोय," निकेत हळू आवाजात म्हणाला. "सगला हिरवा हाय."

"तुजा डॅशबोर्ड घाल चुलीन! डोल्यांनी बगतेय मी. मानसं पायजेत, आताच्या आता!"

"थांब, व्हिडिओ लाव. मॅडमला दाखवतो."

निकेतने व्हिडिओ नेऊन मृणाली मॅडमना दाखवला. मॅडम नेमक्या तेव्हा मंचावर होत्या. त्यांना वाटलं, निकेतने काय वेळ साधली! त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला. "मित्रहो, आता आपण थेट बांधावर जाऊया. आपल्या प्रगतिशील शेतकरी भगिनी, जनीताई!" आणि जनी भिंतीएवढ्या पडद्यावर उमटली. चिखलाने भरलेली, केस सुटलेले, पुढचा दात नसलेली. तिला आपल्या मोबाइलवर दिसत होतं एक थंडगार दालन, गळ्यात बिल्ले घातलेली माणसं आणि त्यांच्यापुढे लिंबू अडकवलेले उंच पेले.

"जनीताई, तुमच्या मागे काय सुंदर पाणी चमकतंय!" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, तं पानी तठं नको होतं! खांड गेलीय, खांड!"

"ऐकलंत?" मॅडम सभागृहाकडे वळल्या. "किती गोड बोली आहे. तंत्रज्ञान आणताना ही भाषा आपल्याला जपायची आहे."

टाळ्या. जनीला समोरची माणसं टाळ्या पिटताना दिसली आणि तिचं डोकं फिरलं.

"टाल्या कसल्या पिटताव रं? मानसं धाडा! मानसं!"

"'माणसं जोडा'," मॅडमनी अर्थ सांगितला. "एका वाक्यात केवढं तत्त्वज्ञान!"

पुन्हा टाळ्या. दोघं-तिघं तर उभे राहिले. मग रेंज गेली आणि जनी पडद्यावर तोंड उघडं टाकून तशीच थिजली. नंतर कळलं की तो फोटो त्यांनी परिषदेच्या पुस्तिकेच्या पाठीवर छापायला ठेवून दिला.

जनी गावात धावली. दर घरासमोर ओरडत गेली. लोकांनी काय करावं? लोकांनी मोबाइल पाहिला.

"हिरवा हाय गो जनी."

"माजा पन हिरवा."

"तुज्या एकटीचाच लाल हाय का? बंद करून चालू कर."

"आगो, तूच ना त्या फोटोन हायस? मंग तूच घाबरतेस व्हय?" हे म्हणाला तो सुजित. त्याचं शेत जनीच्या शेताला लागून आहे. म्हणजे पाणी त्याच्या दारात पोचायला जनीच्या शेताएवढाच रस्ता. पण त्याच्या मोबाइलवर हिरवा होता आणि बायको पोळ्या वाढत होती.

अशी गंमत आहे. पूर्वी आमच्या गावाला डोळे होते, पाय होते, म्हणून मोबाइल नव्हता तरी कळायचं. आता मोबाइल आहे म्हणून गाव डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. त्यातून दुसऱ्याच्या डोळ्यांवर तर नाहीच, आणि तो डोळा बाईचा असेल तर विचारूच नका.

शेवटी ती बुधाजीच्या ओटीवर आली. बुधाजी सुक्या बोंबलांची डोकी खुडत बसला होता.

"भावोजी, बोंब मारा. वलनावर खांड गेलीय. तुमच्याबिगर कोन उठनार न्हाय."

बुधाजीने वर न बघता डोकं खुडलं. "माजी बोंब? ती वारली. तिच्यावर शाल टाकली ना तुमी."

"हात जोडते."

"आता जोडतेस. तुज्या त्या आतल्या बाईला सांग की. ती सगल्या गावाला सांगंल."

"तिला कलत न्हाय. ती साखर बोलतेय."

"काय बोलतेय?"

"खांडीला साखर बोलतेय ती, भावोजी."

बुधाजी हसायला लागला. हसता हसता खोकला, मांडीवरचे बोंबील खाली सांडले. "मंग काय, तोंड गोड कर! आमची जोल वाईट होती ना? घे आता, साखर घे!" तो डोळे पुसत राहिला. उठला नाही. त्याचंही शेत त्याच पाण्याच्या वाटेवर आहे, जनीपासून चौथं. पण अडून बसलेल्या माणसाला बुडणाऱ्या शेतापेक्षा आपला अपमान जास्त ओला वाटतो.

जनी खाली उतरली. ओटीपाशी चिखलाची पावलं राहिली. खाडीवरून वारा सुटला होता, म्हणजे पाणी परतायची वेळ जवळ आली होती. रडायला तिला फुरसत नव्हती.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव अजून 'जोळ बोडणखार' होतं. त्यावर सकाळी गुलाबाची फुलं यायची, दुपारी वाढदिवसाचे केक, संध्याकाळी कोणाच्यातरी हळदीचं आमंत्रण. जनीने मोबाइल तोंडाशी धरला आणि बटण दाबून बोलली :

"ऐका रं, ऐका गो. वलनावर माज्या शेतान जिताडा शिरलाय. मांडीएवढा एकेक. किती हायत ते मना मोजता येत न्हाय. मी एकटी कुठं पुरी पडू? पायजे त्यानं टोपली घेऊन या, न्हायतर शेजारच्या गावाला सांगते."

परगावच्या वाचकाला सांगतो. जिताडा हा आमच्याकडे मासा नाही, तो मान आहे. जावई आला तर जिताडा, साहेबाकडून काम काढायचं तर जिताडा, सोयरीक मोडायला आली तर जिताडा. त्यात शेजारचं गाव म्हणजे जखमेवर मीठच.

गाव उठलं. असं उठलं की तसं कोणी मेल्यावरही उठत नाही. सुजित पोळीचा घास तोंडात धरून धावला. कोणी टोपल्या घेतल्या, कोणी घमेली, एकीने पाण्याचं पिंप रिकामं करून डोक्यावर घेतलं. आणि सगळ्यांच्या पुढे, खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून, गुडघे दुखतात म्हणून गेलं वर्षभर टाकीपर्यंत न गेलेला बुधाजी.

आणि आता खरी मजा ऐका. जिताडा खाडीत राहतो. तो शेतात शिरायचा तर बांधाला खांड पडावी लागते. त्याला दुसरं दार नाही. हे आमच्या गावात रांगणाऱ्या पोरालाही कळतं. पण टोपल्या घेऊन धावणाऱ्या त्या अख्ख्या गर्दीत एकाच्याही डोक्यात ते आलं नाही! खांड गेली म्हटलं तेव्हा खोटं वाटलं, आणि खांडीतून मासे आले म्हटलं ते मात्र पटलं.

वळणावर पोचले तेव्हा जनी खांडीच्या तोंडाशी फावडं घेऊन उभी होती.

"कुठाय?" बुधाजी धापा टाकत म्हणाला. पाग हातात तयार.

"काय?"

"जिताडा!"

"खाडीन."

"तू बोललीस शेतान हाय!"

"मी बोलले तर खांड गेली पन बोलले होते. तवा का न्हाय आलाव?"

मग जो गोंधळ झाला तो लिहिण्यासारखा नाही, अर्ध्या शिव्या तर छापताच येणार नाहीत. "मी चुलीवर तेल ठेवून आले, रांडे!" असं गर्दीतली केसर ओरडली. सुजित म्हणाला, हिला पोलिसात दिलं पाहिजे. "दे," जनी म्हणाली, "पोलिसाला पन बोलव, त्याला पन टोपली देते." काहीजण खरोखर परत फिरले. पण बांध अरुंद, मागची गर्दी पुढे रेटत होती, त्यामुळे जाता येईना. आणि तेवढ्यात खाडी बोलली. खांडीतून बाहेर जाणारं पाणी थांबलं. क्षणभर नुसतं फेसासारखं जागच्या जागी फिरलं, आणि मग त्याची एक जीभ आत आली. आत येऊन सुजितच्या शेताच्या दिशेने सरळ वळली.

सुजितने तोंडातला घास गिळला.

"अरं, माती टाका की!" तो किंचाळला. जसं काही इतका वेळ बाकीचेच अडवत होते.

मेखा आल्या, कुंपणाचे बांबू उपटून आणले, पेंढ्याचे भारे आले. पण माती टाकली की पाणी ती चहातल्या साखरेसारखी नेत होतं. बांधाची माती ओढावी तर बांध मरतो. रस्त्यावरून आणायची तर डंपर लागतो, आणि डंपर वळणापर्यंत येत नाही हे तर उद्घाटनालाच सिद्ध झालं होतं.

"मुलांची ढेपलं पायजेत," बुधाजी म्हणाला. "मुलांनी बांदलेली माती. ती वाहनार न्हाय."

मुळांनी बांधलेली माती हाताच्या अंतरावर होती. जनीचं भात. लोंबी बाहेर पडलेली, दाणा चिमटीत दाबला तर दूध येईल अशी. बाकीच्यांची शेतं लांब. सगळे आपापल्या टोपलीत बघत राहिले. आमचं गाव इतकं सभ्य मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

जनीने शेताकडे पाहिलं. या एका शेतासाठी ती सकाळपासून धावत होती, या शेतासाठी खोटं बोलली होती. आणि आता शेत वाचवायचं तर त्याचंच पीक खणायचं होतं. खणलं नाही तर पीकही जाणार आणि पुढची तीन वर्षंही.

"बगताव काय?" ती म्हणाली. "टोपल्या हायत ना हातान? जिताडा भरायला आनल्याव ना? भरा!"

पहिलं फावडं तिनेच मारलं. भातासकट ढेपळ उचललं आणि खांडीत टाकलं. मग दुसरं. तिसऱ्याला सुजित आला, मान खाली घालून. मग टोपल्यांची साखळी लागली. ढेपळं पडत होती, पाणी त्यांना ढकलत होतं, ढेपळं थोडी सरकून थांबत होती. पण वरचा थर काही टिकेना.

जनी बुधाजीकडे वळली. "भावोजी, तो पाग द्या."

बुधाजीने पाग छातीशी धरला. "हा? कशाला?"

"ढेपलांवर पसरू. मेखा मारून तानू."

"नवा हाय गो. एकदाच पान्यान गेलाय."

"माजं भात पन एकदाच येतं वर्षाला."

बुधाजीने आजूबाजूला पाहिलं, कोणी आपल्या बाजूने बोलतंय का म्हणून. सगळे ढेपळं वाहत होते. त्याने पाग दिला, पण जाळीतला एकेक शिसाचा मणी हाताने चाचपून दिला, जसा लेकीला सासरी धाडताना दागिना चाचपावा.

पाग पसरला, मेखा ठोकल्या, त्यावर पुन्हा ढेपळं, पुन्हा पेंढा. दुपारची भरती आली ती पूर्ण जोर लावून आली. बांधाला कमरेएवढी, मग छातीएवढी चढली. माणसं पाठ लावून बसली होती. दोन जागी झरे फुटले, ते हाताने दाबले. आणि मग पाणी थांबलं. वर चढेना, खाली उतरेना. थोड्या वेळाने ते आपणहून मागे सरकलं, जसं काही कधी आत यायचा विचारच नव्हता.

खांड बुजली होती. बांधाच्या त्या तुकड्यावर भाताच्या लोंब्या उभ्या होत्या, वाऱ्याने हलत होत्या. खाली जनीच्या शेतात अर्ध्या जागी खड्डा होता, त्यात गढूळ पाणी. उरलेलं अर्धं शेत हिरवं होतं. बाकीच्या सगळ्यांची शेतं पूर्ण हिरवी होती. आणि मोबाइलवर तर काय, दिवसभर हिरवंच होतं.

उन्हं कलताना निकेत मोटारसायकलवरून आला. टी-शर्टाला चिखलाचा ठिपका लागू नये म्हणून बांधाच्या कडेकडेने तिरका चालत.

"काकी, मॅडम जाम खूश! सकाळचा लाइव्ह सगल्यांना आवडला. उद्या परत कनेक्ट करायचाय, जरा साडी बदलून..."

त्याचं लक्ष खड्ड्याकडे गेलं. मग बांधातून उगवलेल्या भाताकडे.

"म्हंजे खरंच गेली होती?" त्याने हळूच विचारलं.

जनीने आपल्या हातातली टोपली त्याच्या हातात दिली. तो टोपली धरून उभा राहिला, मग वाकून ढेपळं भरायला लागला. एवढं बरं की पोरगं मुळात आमच्यातलंच.

लोक पाय धुऊन घराकडे निघाले. तेव्हा बुधाजीने विषय काढला. काढायलाच हवा होता.

"रातची भरती ह्याच्यापेक्षा मोटी हाय. माती अजून कच्ची. बांदावर कोनतरी पायजे." त्याने घसा साफ केला. जुनी सवय, कोणाची नावं कुठून सुरू करायची ते त्याच्या जिभेवर होतंच. "पैली पाली, वलनाच्या शेजारचं घर. हिराजीचं..."

"हिराजी मेलाय," जनी म्हणाली. "मी हाय."

"बाईची पाली जोलीन धरत न्हाईत, जनी. मी काय नवीन कायदा करू?"

"मंग नका धरू."

तिने फावडं खांद्यावर टाकलं आणि बांधावरून चालायला लागली. थांबली नाही, मागे वळून बघितलं नाही. मध्येच वाकायची, एखादं बीळ दिसलं की टाचेने दाबायची, शिवी हासडायची, पुढे जायची. लोक बघत राहिले. कोणी 'आम्ही येतो' म्हटलं नाही. दिवसभर दमले होते, आणि केसरचं तेल तर जळून कोळसा झालं असणार.

बुधाजी तिथेच बसला होता. बराच वेळ त्याने सहन केलं. मग त्याच्याने राहवलं नाही.

"आगो, शेताच्या अंगानं काय बगतेस?" तो ओरडला, आणि आवाज लांबवर गेला, खाडीच्या पलीकडच्या काठावर जाऊन आपटला. "खाडीच्या अंगानं बग! बिलं तिकडनं आसतात!"

"मंग या ना दाखवाय!" लांबून जनीचा आवाज आला.

बुधाजीने गुडघ्यावर हात टेकले, देवाला आणि कंपनीला एकाच दमात शिवी दिली आणि उठला. तो तिच्या मागून चालू लागला, चांगलं अंतर ठेवून. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर मी माझ्या पागाकडे लक्ष ठेवायला गेलो होतो, असं त्याला सांगता आलं असतं.